ओद्दनीच्या बुधल्यातली वीन

मी 'वीन' बोलतोय. वस्तू नव्हे, शब्द आहे मी. युरोपात उत्तरेकडच्या लोकांच्या तोंडी द्राक्षाच्या दारूचं नाव. आज मी चिडलोय, आणि ते लपवणार नाही.

माझं मूळ दक्षिणेतल्या द्राक्षमळ्यांत. रोमन लोक मला 'वीनुम' म्हणत. त्याआधी कुणाकुणाच्या जिभेवर होतो, ते मलाही धड आठवत नाही. व्यापाऱ्यांच्या बुधल्यांबरोबर उत्तरेला आलो. तिथे माझं 'उम' हे शेपूट छाटलं गेलं, तरी मी कुरकुरलो नाही. पुढे जहाजातून आइसलंडला पोचलो. तिथे द्राक्षाचा एक वेल नाही, पण लोकांनी मला घरचाच मानलं.

एका वर्षी बर्फाने खाडी अडवली. डेन्मार्कचं जहाज आलंच नाही आणि चर्चमधली वीन संपली. नेमका तेव्हाच केटिल नावाचा म्हातारा कोळी मरणाला टेकला. जाण्याआधी प्रभुभोजनाचा, म्हणजे पाद्रीने प्रार्थना म्हणून दिलेल्या वीनचा, एक घोट मिळावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्याची बायको ओद्दनी शालीखाली बुधला लपवून पाद्री इल्लुगीकडे गेली.

"पाद्रीबाबा, माळावरच्या काळ्या फळांची वीन आहे. दोन वर्षं मुरलीय. हिच्यावर प्रार्थना म्हणा आणि पाजा त्याला."

"वेडी की काय तू? वीन द्राक्षांचीच असते. हा आंबट रस देऊन देवाला फसवतेस?"

"देव काय द्राक्षं मोजत बसलाय? माणूस चाललाय हो माझा."

"नियम म्हणजे नियम. जा घरी."

आणि हे बोलताना त्या गृहस्थाच्या हातात काय होतं? ब्रेन्निवीन. म्हणे 'जाळलेली वीन'! निव्वळ धान्याची दारू, द्राक्षाचा वाससुद्धा नाही, तरी तिला माझं नाव. त्याच्या पेल्याला मी चालतो, केटिलच्या ओठांना चालत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शब्दाला हात नसतात.

केटिल दोन दिवसांनी गेला. घोट मिळाला नाही.

मातीहून परतल्यावर पाद्री ओद्दनीच्या चुलीपाशी हात शेकत बसला. त्याची ब्रेन्निवीनही आता संपली होती.

"काकडलो गं बाई. ती वीन आहे ना अजून?"

ओद्दनीने त्याच्यापुढे गरम पाणी ठेवलं. "वीन कुठली, बाबा? तो तर आंबट रस. तुम्हीच म्हणालात."

मग बुधला उचलून ती कबरीकडे गेली आणि ओल्या मातीवर तो पालथा केला. "घे रे केटिल. वीन आहे."

आज मी दुकानांच्या पाट्यांवर मिरवतो. लावा मला कशालाही. पण माझं नाव पुढे करून मरणाऱ्याला कोरडं ठेवणार असाल, तर मला तोंडातही घेऊ नका.