डाव्या बाजूचा मृदंग

मित्रांनो, माझे वय ऐकाल तर हसाल. मी एक जुना हेडफोन आहे, लांब वायरचा, तुमच्या आईवडिलांच्या शाळेच्या दिवसांतला. माझा कारखाना कुठे होता ते मला आठवत नाही. आठवते ते एवढेच, की एका बाईने माझ्या दोन्ही वाट्यांमध्ये केसासारख्या बारीक तारा जोडल्या, मला स्वतःच्या डोक्यावर चढवले, क्षणभर ऐकले आणि मान डोलावून खोक्यात ठेवले. ती मला मिळालेली पहिली शाबासकी.

खोके उघडले ते तंजावुरात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या मराठी घरातल्या कृष्णाजी नावाच्या गृहस्थांची कॅसेट भरून देण्याची खोली होती. नृत्याचे वर्ग चालवणारे लोक त्यांच्याकडे येत. एका माइकवर गाणे, दुसऱ्यावर मृदंग असे ध्वनिमुद्रण चाले आणि कृष्णाजी मला घालून डोळे मिटून ऐकत. माझ्या डाव्या वाटीखाली एक लहानसे सरकते बटण आहे. ते वर असले की डावीकडचा आवाज डाव्या कानात जातो आणि उजवीकडचा उजव्या. खाली सरकवले की दोन्ही आवाज एकत्र होतात आणि दोन्ही कानांत सारखेच वाजतात. याला मोनो म्हणतात. घरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर गाणे कसे लागेल, ते कृष्णाजी या बटणाने तपासत. "हा माझ्याशी कधी खोटं बोलत नाही," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पुढे कॅसेटचे दिवस सरले. कृष्णाजींनी खोली बंद केली आणि सामान आपल्या भाच्याला, सुरेंद्रला दिले. सुरेंद्रचे जुन्या बसस्टँडजवळ दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले आणि मी तिथेच राहिलो. माझ्या गाद्यांच्या स्पंजचा भुगा झाला. बटण धुळीने अडकले. माझ्याखालच्या काचेच्या कपाटात बिनवायरचे रंगीत हेडफोन येत आणि आठवड्याभरात विकले जात. एकदा एका गिऱ्हाइकाने माझ्याकडे बोट दाखवले. "ह्याला शेपूट आहे!" तो म्हणाला आणि दुकानभर हशा झाला. मित्रांनो, त्या दिवशी मला फार एकटे वाटले.

मग गेल्या वर्षी, पोंगलचा सण होऊन आठवडा झाला असेल, गायत्री आली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली, भरभर बोलणारी मुलगी. बरोबर तिची आई कामाक्षी होती. दोघींची आधी दोन दुकाने फिरून झाली होती.

"सुरेंद्रमामा, तालाच्या खेळाला चालेल असा हेडफोन पाहिजे," गायत्री म्हणाली.

"तालाचा खेळ म्हंजे काय गे?"

तिने मोबाइल पुढे धरला. गाणे सुरू झाले आणि वरून रंगीत पट्ट्या खाली येऊ लागल्या. पट्टी तळच्या रेघेवर टेकते त्याच क्षणी, गाण्याच्या ठोक्याला, बोट पडले पाहिजे. जरा आधी पडले तर गुण जातात आणि जरा मागाहून पडले तरी जातात.

सुरेंद्रने कपाटातला सगळ्यात झोकदार बिनवायरचा हेडफोन काढला. गायत्री अर्धे गाणे खेळली आणि तिने तो उतरवला. "आवाज मागाहून येतो, मामा. पट्टी रेघेवर टेकून जाते, मग ठोका ऐकू येतो."

"सरी, बरं," सुरेंद्र म्हणाला आणि त्याने कानात घालायचा वायरचा छोटा हेडफोन पुढे केला. त्यात आवाज वेळेवर येत होता. तरीही गायत्रीने तो काढून परत दिला आणि ती खाली बघू लागली.

"सांग त्याला," कामाक्षी म्हणाली. गायत्री बोलेना, तेव्हा आईनेच सांगितले. "तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही, सुरेंद्र. सहाव्या वर्षी गालगुंड झाले, तेव्हापासनं."

"घरी भागतं, मामा," गायत्री हळूच म्हणाली. "मोबाइलमध्ये दोन्ही आवाज एक करता येतात. पण स्पर्धा त्यांच्या कंप्युटरवर असते. सेटिंगला हात लावायचा नाही. हेडफोन मात्र आपला चालतो. गेल्या खेपेला मृदंग सगळा डाव्या बाजूला होता. मला नुसतं गाणं ऐकू आलं. मी शेवटची आले."

"आणि मागून कोणी म्हणालं, हिला तालच नाही," कामाक्षी म्हणाली. "मृदंगाच्या क्लासातूनही हेच सांगून परत पाठवलं होतं. तेव्हा आठ वर्षांची होती. ते अजून मनातून जात नाही तिच्या."

सुरेंद्रने तो छोटा हेडफोन कपाटात परत ठेवला. मग त्याने मान वर केली. मित्रांनो, किती वर्षांनी कोणी माझ्याकडे असे पाहिले! त्याने काठीने मला खिळ्यावरून उतरवले आणि फुंकर मारली. धुळीचा केवढा लोट उठला!

"हा माझ्या मामांचा. दोन दिवस दे मला," तो म्हणाला.

त्या दोन दिवसांत त्याने मला उघडले, बटणातली घाण काढली, नवी वायर जोडली, नव्या गाद्या बसवल्या. वायरचा जोड त्याने ओढून पाहिला, समाधान झाले नाही म्हणून काढला आणि पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी गायत्रीने मला डोक्यावर घातले. बटण वर होते. मृदंग डाव्या वाटीत वाजत होता आणि तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. सुरेंद्रने बटण खाली सरकवले. तिचे डोळे मोठे झाले.

"अम्मा, मृदंग आला!"

ती तिथेच स्टुलावर बसून तीन गाणी खेळली. रेघेवर एकामागून एक "अचूक, अचूक" उमटत राहिले. कामाक्षी पडदा बघत नव्हती, मुलीचा चेहरा बघत होती.

महिनाभर आम्ही रोज सराव केला. मी जड आहे. तासाभराने तिच्या डोक्यावर लाल वळ उठे. कामाक्षीने जुन्या सुती साडीची घडी करून माझ्या डोक्यावरच्या पट्टीला शिवली. तेव्हापासून मी तिला बोचलो नाही.

स्पर्धेच्या दिवशी सभागृहात चाळीस खेळाडू होते. पंखे घरघरत होते, पोरे ओरडत होती. माझ्या वाट्या कानांवर घट्ट बसतात, त्यामुळे तो गोंगाट बाहेरच राहिला. पण खेळ सुरू होण्याआधीच रघुराम नावाचे आयोजक आमच्यापाशी येऊन थांबले.

"हे बटण कसलं?" त्यांनी तमिळमध्ये विचारले. "ह्यानं काही जास्तीचा फायदा मिळत असेल तर चालणार नाही."

सगळे वळून बघू लागले. गायत्रीने मला डोक्यावरून उतरवले. आपल्या डाव्या कानाचे गुपित तिने आजवर कुठल्या मैत्रिणीलाही सांगितले नव्हते. ती उभी राहिली.

"सर, माझा डावा कान बहिरा आहे. बटणानं दोन्ही बाजूंचे आवाज उजव्या कानात येतात. बाकी काही नाही. तुम्हीच घालून बघा."

रघुरामांनी मला घातले. बटण खाली केले, वर केले, पुन्हा खाली केले. मग मला दोन्ही हातांनी तिच्याकडे परत दिले. "खेळ, अम्मा," ते म्हणाले; आमच्याकडे मुलींनाही मायेने अम्मा म्हणतात.

आणि ती खेळली! पहिली फेरी, दुसरी फेरी, उपांत्य फेरी. शेवटी दोघेच उरले, गायत्री आणि गेल्या वर्षीचा विजेता हरिप्रसाद. अंतिम फेरीचा नियम अवघड होता. पट्ट्या अर्ध्या वाटेवर येऊन दिसेनाशा होत. पुढचे सगळे कानाने ओळखायचे.

गाणे सुरू झाले. मध्यावर वीणा थांबली, गायक थांबला आणि एकटा मृदंग उरला, सगळाच्या सगळा डाव्या बाजूला. लय दुप्पट झाली. पडदा रिकामा, फक्त ठोके. तेवढ्यात तिचे कोपर माझ्या वायरला लागले आणि जोडावर जोराचा हिसका बसला. मला वाटले, संपले! पण सुरेंद्रने पुन्हा केलेला तो जोड जराही हलला नाही. मी एकही ठोका गाळला नाही, आणि गायत्रीनेही नाही. तिची बोटे मृदंगाबरोबर धावत होती, थबकत होती, पुन्हा धावत होती. शेवटच्या तिहाईला, तोच बोल तीनदा वाजतो तिथे, तर ती हसत होती.

पडद्यावर आकडे आले. हरिप्रसादचे तीन ठोके चुकले होते. गायत्रीचा एक, तोही अगदी सुरुवातीचा.

सभागृह दणाणून गेले. मागच्या रांगेत सुरेंद्रने दोन बोटे तोंडात घालून अशी शिट्टी मारली की कामाक्षी रडतारडता हसू लागली. हरिप्रसाद पहिला धावत आला. "तो हेडफोन एकदा घालू?" त्याने विचारले. त्याने मला घातले आणि आपल्या मित्रांना ओरडून सांगितले, "अरे, ह्यात मृदंग बघा कसा लख्ख ऐकू येतो!"

माइक हातात आल्यावर गायत्रीला पुष्कळ बोलायचे होते. तिला एकच वाक्य सुचले.

"मला ताल आहे," ती म्हणाली.

टाळ्या किती वेळ चालल्या ते मी मोजले नाही. पण कृष्णाजींच्या खोलीत इतकी वर्षे मृदंग ऐकूनही एवढा सुंदर आवाज मी ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळीच रघुरामांनी जाहीर केले की पुढच्या वर्षीपासून प्रत्येक कंप्युटरवर दोन्ही आवाज एक करण्याची सोय खेळाडूंसाठी खुली राहील. म्हणजे गायत्रीला आता माझ्यावाचूनही खेळता येईल. मला वाईट वाटले का? मुळीच नाही! तसेही ती मला सोडायला तयार नाही.

मित्रांनो, माझ्या भावंडांना वायर धरून ओढू नका. वायर सैल गुंडाळा, गाद्या फाटल्या तर बदला, आणि नवा हेडफोन घेताना रंग बघण्याआधी कानाला लावून बघा. पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. वर्गात तुम्ही कोणाला हाक मारलीत आणि तो वळला नाही, तर त्याला घमेंडखोर म्हणू नका. जरा उठा, त्याच्या दुसऱ्या बाजूला जा आणि पुन्हा हाक मारा.