वरचा डंपर, खालचा डंपर

"आमच्याच घरात आमचीच गाडी आमचं ऐकत नाही, याला काय म्हणायचं गं?" धाकटी मधलीच्या कानाशी पुटपुटली. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडायची, आणि जिन्यातले शब्द नेमके नको त्या मजल्यावर पोचतात असा तिचा अनुभव होता. "वर सांग त्यांना. आत्ता डंपर आपला आपण निघाला आणि ह्यांच्या पायावर चढला. हे बिचारे पेपर वाचत बसले होते."

"लागलं का?"

"लागायला काय, ठोकळ्यांचा तर डंपर! पण दचकले ना. चहा सांडला मांडीवर. थंड होता म्हणून बरं. ह्यांचा चहा नेहमी थंडच होतो म्हणा."

"सांगते," मधली म्हणाली. हे वाक्य तिच्या आवडीचं नव्हतं, पण सवयीचं झालं होतं.

तीन बहिणींचं हे घर. वरच्या मजल्यावर थोरली, तिचा नवरा आणि मुलगा भुंगा. सदा काहीतरी गुणगुणत असायचा म्हणून भुंगा. खाली धाकटी, तिचा नवरा आणि मुलगी टिकली. आणि जिना जिथं वळतो तिथल्या एका खोलीत मधली, एकटी. तिनं लग्न का केलं नाही हे विचारायचं लोकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. ती दातांच्या कवळ्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्या. "निम्मं गाव माझ्या जिवावर चावतंय," असं ती अधूनमधून ऐकवायची, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

सध्या मात्र तिला दुसरंच काम लागलं होतं. वरचं खाली सांगायचं आणि खालचं वर.

भांडण म्हणावं तर भांडणही झालं नव्हतं. झालं असतं तर बरं होतं. चार भांडी आपटली असती आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. झालं होतं ते इतकंच की थोरलीच्या नवऱ्याला, भावजींना, कंपनीनं लांबच्या शहरात वरची जागा देऊ केली होती. नको म्हटलं तरी चालणार होतं, इथली खुर्ची कुठं पळून जात नव्हती. भावजी स्वतः तर 'तुम्ही म्हणाल तसं' या पंथाचे. सोमवारी काय ते कळवायचं होतं. थोरली एका दुपारी खाली आली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, सहज सुचल्यासारखं म्हणाली, "आम्ही जायचं म्हणतोय."

धाकटीनं हातातल्या अभ्र्यावरची नजर न काढता सांगितलं, "जा की! अडवलंय कोणी?"

झालं. थोरलीनं ते वाक्य वर नेलं आणि उलटंपालटं करून पाहिलं. दर वेळी अर्थ एकच निघाला, की कोणीच अडवत नाही. धाकटीनं 'जायचं म्हणतोय' तेवढंच चघळत ठेवलं. म्हणजे ठरवून झाल्यावर सांगतात, आधी विचारत नाहीत. तेव्हापासून 'पाण्याची मोटर बंद कर म्हणावं' आणि 'केव्हाच केली म्हणावं' हे सगळं मधलीच्या तोंडून चाललं होतं. कवळी हिरडीला टोचू नये म्हणून तिच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात, तसे ती वाटेत शब्द घासून घ्यायची. 'त्यांना म्हणावं जरा अक्कल वापरा' याचं वर पोचेपर्यंत 'जमलं तर बघा' व्हायचं.

मधलीला स्वतःला काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. निरोप्याला कोण विचारतो? तिनंही विचारून घेतलं नव्हतं. फक्त अलीकडे सकाळी वरून थोरलीच्या चपला आणि खालून धाकटीचा मिक्सर ऐकू आला, की ती डोळे मिटून थोडा वेळ तशीच पडून राहायची. उद्या नुसताच मिक्सर ऐकू आला तर उठायचं कशाला, असं काहीसं मनात येई आणि ती लगबगीनं उठून बसे.

डंपरही तिनंच आणलेले. मुलांचे वाढदिवस लागोपाठच्या महिन्यांत. आधी कुणाला आणि नंतर कुणाला हा घोळ नको, म्हणून ती मधला एखादा रविवार धरून दोघांनाही एकदमच भेट द्यायची. यंदा ठोकळे जोडून बनवायचा आणि रिमोटवर चालवायचा डंपर. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "बाई, एक डंपर घ्या, एक क्रेन घ्या. नाहीतर रंग तरी वेगळे घ्या."

"अगदी सारखे द्या. खोक्यावरच्या चित्रातही फरक नको." गेल्या वर्षी टिकलीच्या पेटीत एक खडू जास्त निघाला होता. ते प्रकरण कोर्टात गेलं नाही एवढंच.

भुंग्यानं पुस्तिका न उघडताच जोडाजोड सुरू केली, त्यामुळे त्याची पुढची चाकं मागं लागली आणि अर्धा डंपर सोडवावा लागला. टिकली प्रत्येक ठोकळा आधी चित्रावर ठेवून बघायची, मगच जोडायची. शेवटी दोन्ही डंपर एकाच दिवशी उभे राहिले. आणि त्याच दिवसापासून घरात भूत शिरलं. वर भुंग्यानं डंपर पुढं नेला की खाली टिकलीचा पलंगाखाली पळायचा. खाली टिकलीनं वळवला की वर भुंग्याचा गोल गोल फिरायला लागायचा. भावजींना तो न्हाणीघराच्या दारात आडवा आला. "माझ्याआधी ह्याला घाई!" म्हणून ते हसले, पण थोरली हसली नाही.

मधलीनं दोन्ही डंपर आपल्या खोलीत आणले. कामाचं भिंग डोळ्यांवर चढवलं. एक रिमोट दाबला तर दोघेही एकदम पुढं सरकले, कवायतीला उभे केल्यासारखे. उलटे करून पाहिलं तेव्हा बॅटरीच्या डब्याशेजारी एक खटका दिसला, दुधाच्या दाताहूनही बारीक. त्याच्या एका टोकाला एक आकडा, दुसऱ्या टोकाला दोन. तसाच रिमोटवरही. दोन्ही गाड्या आणि दोन्ही रिमोट एकवर. सारखं म्हणजे किती सारखं असावं!

एकाचा खटका दोनवर सरकवला की संपलं. तिनं नखही लावलं होतं. पण कुणाचा सरकवायचा? ज्याचा सरकवला त्याची आई म्हणणार, आमचाच का? म्हणून तिनं गाड्या परत केल्या आणि दोन्हीकडे नीट समजावून सांगितलं.

खाली धाकटी म्हणाली, "आम्ही का बदलायचं? आमचा आधी पुरा झालाय."

वर थोरली म्हणाली, "सगळीकडे आम्हीच का हलायचं?" आणि म्हटल्यावर ओठ चावून कपाटातलं काहीतरी शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिकलीचा डंपर पुन्हा आपला आपण निघाला आणि भिंतीला टकरा मारत राहिला. मधलीनं उचलून पाहिला. खटका दोनवर होता.

"मीच केला," धाकटी पाठमोरीच म्हणाली. "म्हटलं, ती मोठी आहे, तिचं राहू दे. पण तू वर बोलू नकोस हं, अक्का."

मधली वर गेली. भुंग्याचा खटकाही दोनवर. "धाकटीच ती," थोरली म्हणाली. "तिच्याशी काय हट्ट करायचा? सांगू नकोस हं खाली."

पुढच्या दिवशी दोघींनीही, दुसरीच्या वाटेत नको म्हणून, आपापला खटका पुन्हा एकवर नेला. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन भली माणसं एकाच बाजूला सरकत राहतात, तसं चाललं होतं. आणि दोघींचं भलेपण मधलीच्या पोटात, 'सांगू नकोस'चं कुलूप लावून. रागाचे निरोप हिंडवायला ती चालत होती. मायेचे मात्र कुणालाच पोचवायचे नव्हते.

रविवार उजाडला आणि कलायलाही लागला. मधली बाजारातून येऊन जिना चढत होती, तेवढ्यात खालून हाक आली. "अक्का, वर विचार गं, कितीवर आहेत ते. टिकली रडकुंडीला आलीय."

मधलीनं पिशवी खाली ठेवली आणि आपल्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसकण मारली. चपला काढून बाजूला सारल्या.

"नाही विचारणार."

"म्हणजे?"

"पाय दुखतायत. तूच विचार. जिना आहे, तोंड आहे. दातसुद्धा तुझे स्वतःचे आहेत."

धाकटी जिन्याशी आली. मागं टिकली, काखेत डंपर. धाकटीनं छताकडे पाहून सुरुवात केली, "कुणीतरी जर सांगितलं—"

"कुणीतरी घरात नाहीये," मधली म्हणाली.

धाकटीनं पदर उगाचच सारखा केला. "ताई! ए ताई! कितीवर आहेस?"

थोरली कठड्याशी इतकी चटकन आली, की दाराआडच उभी असणार. "एकवर. तू?"

"मीपण एकवरच."

"आणि परवा?"

"परवा दोनवर होते. तुझ्यासाठी म्हणून सरकवला होता."

"अगं, मीपण!" थोरली कठड्यावरून वाकली. "म्हटलं, तू लहान."

"आता पोरगी शाळेत जाते माझी."

"म्हणून काय झालं? बरं, ऐक, तू एकवरच राहा. मी जाते."

"नको, तू राहा. मी जाते."

"तू कशाला? मीच—"

"आई, कुणीतरी जा ना एकदाचं!" भुंगा वरून ओरडला.

धाकटीनं टिकलीच्या हातून डंपर घेतला आणि नखानं खटका दोनवर सरकवला. रिमोटचाही सरकवला. भुंग्यानं वर गाडी पळवली. खालचा डंपर जागचा हलला नाही. टिकलीनं खाली पळवली. वर सगळं शांत. सुटलं. इतक्या दिवसांचं कोडं सुटलं आणि कुणाचं कुणाशी काही अडलं नाही.

टिकली डंपरकडे बघत राहिली. "मग आता भुंगादादा खेळतोय हे मला कसं कळणार?"

धाकटीच्या नवऱ्यानं आत पेपराचं पान उलटलं.

"चला, झालं एकदाचं," थोरली म्हणाली.

"हो. झालं."

पण आत कुणीच गेलं नाही. थोरली कठड्यावरचं नसलेलं काहीतरी बोटानं खरवडत राहिली, धाकटी खालच्या पायरीवर एक पाय ठेवून तशीच. मग सवयीनं दोघींनीही मधलीकडे पाहिलं, एकीनं वरून, एकीनं खालून. आता ही काहीतरी सांगेल, तिचं मला, माझं तिला.

मधलीनं तोंड उघडलं. वर न्यायचं काही आहे का, खाली न्यायचं काही आहे का, म्हणून मनात चाचपून पाहिलं. कुणाचंच काही शिल्लक नव्हतं. मग जे हाताला लागलं ते तिनं कडा न घासता तसंच बाहेर काढलं.

"ताई, जाऊ नकोस," ती म्हणाली. "हा हिचा निरोप नाही. माझा आहे."