सहादू, दोन माणसं

“नाव सांगा मावशी, नंबर लावतो.”

हॉटेलच्या दारात माइक घेऊन उभ्या असलेल्या मिशाळ माणसानं विचारलं, तशी लंकाबाईनं पदर पुढं ओढला आणि मान फिरवली.

“ते येत्यात रिक्षावाल्याला पैसं दिऊन. त्यांनाच इचारा.”

“अहो, मालकांचं नाव सांगा की. तेवढंच लागतं.”

लंकाबाई लाजून पार चूर झाली. साठीला टेकलेली बाई, पण नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा रडून सुटका करून घेतली होती. सम्राट जन्मल्यापासून सहादू हा ‘सम्राटचा बाप’ होता, आणि त्याच्याआधी नुसता ‘अवं’. सहादू दारात येईपर्यंत मागून आलेली माणसं आत जाऊन जेवायला बसलीसुद्धा.

“नाव सांगायला काय जीभ झडली व्हती का तुझी?” सहादू हसत बोलून गेला, आणि बोलताच त्याच्या काळजात चर्र झालं.

लंकाबाईचं उद्या सकाळी नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. जन्मभर सकाळ-संध्याकाळ मिश्री लावली, त्यानं जिभेच्या कडेला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरांनी सहादूला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जीभ अर्ध्याहून जास्त काढावी लागेल. जेवण बरेच दिवस नळीनं. चव जवळजवळ गेलीच म्हणून समजा, आणि बोलण्याचं पुढचं पुढं बघू. सहादूनं घरी येऊन सांगितलं, “बारकी गाठ हाय. दोन टाकं पडतील, बास.” पुण्याहून फोनवर सम्राटनंही तेच सांगितलं. बाईमाणसाला खरं सांगून कशाला घाबरवायचं, असं बापलेकांचं ठरलं होतं.

सहादू पुणतांब्यात गावाचं पाणी सोडायचं काम करतो. आपल्या हाताशिवाय गावाला थेंब मिळणार नाही, असा त्याचा पक्का समज. त्या व्हॉल्व्हच्या चावीपायी त्यानं बायकोला कुठं म्हणून नेलं नव्हतं. शिर्डी जवळच, पण तिथं कधी दोघं मिळून चहाला टेकली नव्हती. या वेळी मात्र त्यानं चावी हाताखालच्या पोराच्या, अंगदच्या हातात दिली, शनिवारीच नगर गाठलं आणि लॉजवर खोली घेतली. रविवारचा अख्खा दिवस तिला पोटभर खाऊ घालायचं, चव आहे तोवर खाऊन घेऊ दे बिचारीला, एवढंच त्याच्या मनात होतं.

सकाळची इडली मऊ होती, ती गेली. दुपारी इथं नंबर लागल्यावर त्यानं मोठ्या तोऱ्यात मटण थाळी मागवली. काळ्या रश्श्याचा एक घास घेतला आणि लंकाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“तुला आवडतंय म्हनून तर हितं आनलं,” सहादू गडबडून म्हणाला.

“मला? तुमाला आवडतंय म्हनून मी करीत आले.”

“मग तुला काय आवडतं?”

“तुमी खा. निवतंय,” ती म्हणाली, आणि आपल्या वाटीतल्या फोडी त्याच्या ताटात सारून दह्यात भाकरी कुस्करू लागली. सहादूला त्या फोडी गिळता गिळेनात. एवढा संसार झाला आणि बायकोला काय आवडतं हे आपल्याला ठाऊक नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली.

उठता उठता ती म्हणाली, “सांजच्याला परत हितंच येऊ. त्या पोरी उंच गलासातनं थंड काय तरी खात्यात, त्ये खाऊन बघू.”

संध्याकाळी दारात जत्रा लोटली होती. लंकाबाईला खुर्ची मिळाली तोच अंगदचा फोन आला. वरच्या आळीचा व्हॉल्व्ह फिरत नव्हता. गोंगाटात ऐकू येईना म्हणून सहादू रस्त्यापलीकडं गेला आणि इकडं, तिकडं, उलटा फिरव, असं ओरडून सांगत बसला. तेवढ्यात माइकवरून त्याचं नाव आलं.

“सहादू, दोन माणसं!”

तो फोन तसाच बंद करून धावत आला.

“नंबर कुनी लावला?”

“मी.”

“नाव कुनी सांगितलं?”

“मीच. त्यो म्हनला, मोठ्यानं सांगा मावशी. मग मोठ्यानं सांगितलं.” लंकाबाईनं त्याच्याकडं सरळ बघितलं. “उद्या कशानं घेनार?”

सहादू शेजारच्या खुर्चीवर मटकन बसला.

“तुला... कुनी सांगितलं?”

“कुनी कशाला सांगाया पायजे? उभ्या जन्मात बाहेर कप चहा पाजला न्हाई तुमी. आन आज सकाळधरनं नुसतं चारताय. बकऱ्याला बी असंच चारत्यात.”

सहादू चारचौघांत रडू लागला. ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली.

“खान्याचं काय घिऊन बसलाय? आमी बाया उरलंसुरलं खानाऱ्या. चव गेली तर गेली. पर एकदा नावानं हाक मारावी, असं लई वाटायचं. राहूनच गेलं असतं बघा.”

“परत म्हन की,” सहादू म्हणाला.

तिनं इकडंतिकडं बघितलं, सवयीनं पदर पुढं ओढला आणि मग आपणच मागं सारला.

“सहादू.”

“ओ,” तो म्हणाला.

ती हसायला गेली, पण जिभेची कड दाताला लागली आणि तिनं गाल दाबून धरला.

“सहादू, दोन माणसं!” मिशाळ माणूस पुन्हा ओरडला. “आहेत का गेले?”

दोघंही उठली नाहीत.