शेवटची पट्टी

डेस्मंडने गॅरेजमधल्या मेलोट्रॉनवरची, त्या जुन्या टेपवाल्या कीबोर्डवरची ताडपत्री ओढून काढली आणि बटण दाबले. आतली मोटर घरघरू लागली.

"अजून चालतंय की हे धूड," नेस्टा म्हणाली. "माझ्या गुडघ्यांपेक्षा बरं."

डेस्मंडच्या 'पेपर मेरिडियन' बँडचा पहिला गायक ग्लिन हा तिचा धाकटा भाऊ. शुक्रवारी त्याचा अंत्यविधी होता, आणि चॅपेलमध्ये त्याचा आवाज तिला हवा होता. गिटार-ड्रमशिवायचा, नुसता त्याचा आवाज फक्त या वाद्यात उरला होता. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा. पट्टी दाबली की ग्लिनचा 'आ' आठ सेकंद वाजे आणि थांबे. चौऱ्याहत्तर साली एका दुपारी त्याने पस्तीस स्वर गाऊन दिले. महिन्याभरात डेस्मंडने त्याला बँडमधून काढले. त्याच्या जागी हे वाद्य आले; वाद्याचा घसा बसत नसे. बँडच्या इतिहासात मात्र 'गायक स्वेच्छेने बाहेर पडला' असे छापले गेले. ते वाक्य डेस्मंडचे होते.

त्याने एकेक पट्टी वाजवून दाखवली.

"शेवटची राहिली," नेस्टा म्हणाली.

"ती खराब आहे."

सगळ्यांत वरच्या स्वराची ती पट्टी लागू नये म्हणून त्याने पुढची सगळी गाणी खालच्या स्वरात बांधली होती. समीक्षकांनी त्या बदलावर लेख लिहिले होते.

नेस्टाने वाकून ती दाबली. 'आ' स्वच्छ उमटला, चौथ्या सेकंदाला संपला. मग श्वास, आणि हसरा आवाज:

"झालं बाबा, डेस. आता मला हाकलायला मोकळा!"

टेप संपली. तिचे बोट पट्टीवरच राहिले.

"तू हे कधी ऐकलंस?"

"तो बँडमधून गेल्यावर. पहिल्याच तालमीत."

"आम्हाला म्हणायचा, मीच सोडला बँड."

डेस्मंड ताडपत्रीची कड सारखी करत राहिला.

नेस्टाने बोट उचलले. स्प्रिंगने टेप सटकन मागे ओढली.

"शुक्रवारी हीच वाजव. शेवटपर्यंत."

"हे उचलायला चौघं लागतात," तो म्हणाला. "आम्ही चौघंच उचलायचो."

"मग या खेपेला तिघं उचला."

त्याने मान डोलावली. ती गेल्यावर ताडपत्री पुन्हा नीट चढवली, चारी कोपरे खोचले. दाराशी आल्यावर त्याच्या लक्षात आले, आत मोटर चालूच होती.