एका बाजूला एक इंच

गाडीची चावी शेवटी ताईला मिळाली. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. अजून सकाळ आहे, चावी माझ्याकडे आहे आणि मी गाडीतून चार नव्या रिम्स घेऊन मिस्त्रीकडे निघालोय. तीन मागच्या सीटवर, एक माझ्या शेजारी, चौघींनाही सीटबेल्ट. लहानपणी मला इतकं जपून कुणी कुठे नेल्याचं आठवत नाही.

बाबांची अट साधी होती. त्यांची जुनी गाडी आम्हा दोघांपैकी एकालाच मिळणार. "तुला त्या रिम्स बसवायच्यात ना? बसव. संध्याकाळी गाडी नेहमीसारखी गॅरेजात लागली तर गाडी तुझी. नाही लागली तर ताईची."

"मला घाई नाही," ताई म्हणाली. "संध्याकाळी घेते."

मिस्त्रीने एका रिमवर टायर चढवून चाक गाडीला लावलं, हाताने फिरवलं. खर्रर्र. रिम दुसऱ्याच मॉडेलची, त्यामुळे टायर आत सरकून शॉकॲब्सॉर्बरला घासत होता.

"स्पेसर लागणार," म्हणत त्याने ड्रॉवरमधून ॲल्युमिनियमची जाड चकती काढली. "ही मध्ये बसली की चाक जुन्या चाकापेक्षा एक इंच बाहेर येतं."

"त्यापेक्षा दोन-चार वॉशर टाकून भागेल का?"

"भागेल की. चाक तुमच्या आधी घरी पोचेल."

मग चारही चाकांना चकत्या लागल्या, लांब स्टड बसले, नटांचे आटे नीट धरलेत का ते त्याने एकेक करून पाहिलं आणि चाक पुन्हा फिरवलं. आवाज नाही. इतक्या सुंदर शांततेने माझ्या अंगावर काटा आला. कालपर्यंत बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसणारी गाडी आता बँक विकत घ्यायला आल्यासारखी दिसत होती. मी तिच्याभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की मिस्त्रीने मला बसायला स्टूल दिलं.

आणि काळजीचं कारणच नव्हतं. आमच्या गॅरेजच्या तोंडाशी दोन्हीकडे सिमेंटचे बुटके कठडे आहेत. त्यांच्यामधून गाडीची चाकं जाताना दोन्हीकडची मिळून दीड इंच जागा उरते, हे मी सकाळीच टेपने मोजलं होतं. चकती एक इंचाची. म्हणजे अर्धा इंच शिल्लक. या वजाबाकीच्या आनंदात मी घरापर्यंत शीळ घालत आलो.

बाबा आणि ताई दारात उभेच होते. मी रुबाबात गाडी आत घातली. पुढची चाकं कठड्यांमध्ये शिरली, रबर कण्हलं आणि गाडी थांबली. पुढे जाईना, मागे येईना.

"अडकलास," ताई म्हणाली.

"अडकेन कसा? जागा दीड इंच, चकती एक इंच."

"आणि पलीकडच्या चाकाची चकती?" बाबांनी विचारलं.

मी मान लांब करून पलीकडच्या खिडकीतून खाली बघितलं. "पलीकडेही चाक आहे?"

"गाडी घेतली तेव्हापासून."

ताईने खिडकीतून हात आत घातला. मी चावी काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि घसा साफ केला.

"आदरणीय बाबा. प्रस्तुत गाडीचा पुढील भाग ठरलेल्या अटीनुसार गॅरेजात लागलेला असल्याने, तेवढा भाग स्टिअरिंगसह अर्जदाराच्या नावे करण्यात यावा, ही नम्र विनंती. मागील भाग ताईस देण्यास अर्जदाराची कोणतीही हरकत नाही."