शेंदराचा हात

आनंद गुप्त्यांना दोन जातीच्या लोकांची भयंकर चीड. जुनं मशीन भंगारात फुंकणारे एक, आणि जुन्या मशीनला खोटी पाटी ठोकून अस्सलपणाचा आव आणणारे दुसरे. "खोट्या कामापेक्षा गंज बरा," असं ते उठता-बसता ऐकवायचे. ऐकणार कोण, तर त्यांची बायको उत्तरा. वर्तकनगरच्या घरात तिसरं माणूस नव्हतं. छत्तीस वर्षं कंपनीत मेंटेनन्स सांभाळून आनंदराव रिटायर झाले. बाकीचे लोक चारधामला जातात, हे पडक्या शेडी धुंडाळायला लागले. कुठे बंद पडलेली लाकडाची वखार दिसायचा अवकाश, की स्वारी पत्रा उचकटून आत. वागळे इस्टेटमध्ये एक गाळा घेतला होता, तिथे दोन रंधा मशीनं आणि लाकूड कातायचा एक लेथ त्यांनी मरणाच्या दारातून परत आणला होता. माणूस वाईट नव्हता हो. फक्त मशीनपुढे त्याला माणसं जरा कमी दिसायची.

यंदा श्रावण सरत आला तेव्हा त्यांना शीळफाट्याजवळच्या एका शेडमध्ये बँडसॉ, म्हणजे पट्ट्याच्या करवतीचं मशीन, दिसला. बाप रे बाप! दोन बिडाची चाकं, माणसाच्या छातीएवढी. पितळी पाटीवर विलायतेतल्या गावाचं नाव. गुडघाभर भुशात रुतून उभा. शेड धाकू मढवी नावाच्या म्हाताऱ्याची. एके काळी मिठागरांची अवजारं, घरांच्या चौकटी, सगळं त्या मशीनवर कापलं जायचं. आता शेड पाडून तिथे बिल्डिंग उठणार होती, आणि धाकूशेठ लेकीकडे डोंबिवलीला जाऊन राहिले होते. शेडवर होता त्यांचा मुलगा विकी.

"काका, बिनधास्त न्या," विकी म्हणाला. "सोमवारी जेसीबी येतोय. नाहीतर भंगारवाल्याला दिलेलंच होतं मी."

भंगारवाला म्हटल्यावर आनंदरावांचं डोकंच फिरलं. त्याच दिवशी चेनकुप्पी लावून त्यांनी ते धूड टेम्पोत चढवलं. म्हाताऱ्याला विचारलंस का रे बाबा, एवढं एक विचारायचं मात्र राहून गेलं. खरं तर सुचलंच नाही.

पुढचा महिना त्यांनी जेवणाची वेळ पाळली नाही. चाकं सुटी केली, शिशाच्या बेअरिंगा नव्याने ओतल्या, एकेक बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून, घासून परत त्याच्याच भोकात बसवला. अंगावर बोटभर जाडीचा काळा थर होता, तेल आणि भुसा बसून दगड झालेला. तो त्यांनी पटाशीने खरवडला. वरच्या चाकाच्या खाली उजवीकडे तर थर चांगलाच फुगलेला होता. तिथे पटाशी लावली आणि आतून लालभडक रंग निघाला. आनंदरावांनी उत्तराला फोन करून सांगितलं, "अगं, रेड ऑक्साइड! ओरिजिनल प्रायमर, शंभर वर्षांपूर्वीचा! काय जाडजूड मारायचे गं लेकाचे!" आणि मग तोही खरवडला, कारण नवा रंग बसायचा तर बीड उघडं करावंच लागतं. त्यावर राखाडी रंगाचे तीन हात दिले. मशीन असं काही दिसायला लागलं की बघत राहावं.

दसरा आठ दिवसांवर आला आणि धाकूशेठचा फोन आला.

"साहेब, मी धाकू मढवी बोलतो, शिलेचा. मशीन तुमच्याकडं हाय, आयकून बरा वाटला. पोरानं भंगारात नाय घातला, देवानं बुद्धी दिली. मना परत नको, ठेवू कुठं? एकदा दसऱ्याला येतो फक्त."

"या ना, अवश्य या!" आनंदराव फुलून गेले.

"वरचे चाकाचे खाली, उजवे अंगाला, माझे बायकोचा हात हाय. शेंदराचा. माझी जया दर दसऱ्याला मशीनची पूजा करायची न हात शेंदरात बुडवून त्याच जागी लावायची. चाळीस वर्सां. वेशीवरचे मारुतीला चढतो तसा चढलाय त्यो शेंदूर. ती जेली त्याला अकरा वर्सां झाली. काचबिंदूनं माझे डोळे जेले, साहेब. तिचा फोटू मना दिसत नाय. वर तेल-भुसा बसलाय, तरी त्यो हात तेवढा लागतो हाताला. त्यावर हात ठेवतो न जातो. तरास नाय देनार."

आनंदराव गाळ्यात उभे होते. समोर मशीन चकचकत होतं. त्यांच्या तोंडून निघालं, "हो हो. या. वाट बघतो."

का म्हणालात असं? तिथेच का नाही सांगितलंत? उत्तराने हेच विचारलं, एकदा नाही, दहादा. मशीनचे आधीचे फोटो आनंदरावांनी मोबाईलवर पुन्हापुन्हा मोठे करून पाहिले, पण त्यात काळ्या फुगवट्याशिवाय काही दिसेना.

"जाऊन सांगू या," उत्तरा म्हणाली.

"काय सांगू? तुमच्या बायकोचा हात मी पटाशीने खरवडला, म्हणून सांगू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "त्यांना दिसत नाही. हाताला लागलं की झालं ना? म्हाताऱ्या माणसाला तेवढंच सुख. देव काही शिक्षा करणार नाही आपल्याला."

उत्तरा जन्मभर शाळेत शिकवत आलेली बाई. मुलांनी एकमेकांच्या वहीतून उतरवलं तर वर्गाबाहेर काढणारी. आणि खोट्या पाटीवरून दुकानदाराशी भांडणारे आनंदराव! पण माणसाला तोंड लपवायचं असलं की तत्त्वं आधी पळ काढतात. विकीला निदान विचारावं, हात कसा होता म्हणून, असं उत्तराला वाटत होतं. पण विकीला विचारायचं म्हणजे सगळंच ओकावं लागणार. नाही विचारलं.

जांभळी नाक्यावरून शेंदूर आणला. आनंदरावांनी आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून फुगवटा केला, मग शेंदूर जवसाच्या तेलात कालवला, म्हणजे लवकर वाळेल. उत्तरा सकाळ-संध्याकाळ तळवा माखून त्याच जागी दाबायची, आणि आनंदराव तिच्या हेअर ड्रायरने तो वाळवायचे. पाच दिवस हेच चाललं. चवथ्या दिवशी उत्तरा हात दाबून उभी असताना रडायला लागली. "कुणाच्या जागी उभी आहे हो मी?" म्हणाली. आनंदरावांनी ड्रायर बंद केला. मग पुन्हा चालू केला. वर भुसा आणि तेल चोळून त्यांनी हाताला इतकं जुनं करून टाकलं की त्यांना स्वतःलाच ओळखू येईना. आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम ते हेच.

दसऱ्याला सकाळी दहाला धाकूशेठ आले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, हातात झेंडूचा हार. विकीने कोपर धरून आत आणलं. उत्तराने पाणी दिलं. म्हाताऱ्याने पाणी घेतलं नाही, आधी मशीन म्हणाला.

विकीने त्यांचा हात धरून उजव्या अंगाला टेकवला. धाकूशेठनी पूर्ण तळवा त्या तळव्यावर ठेवला, आणि काय सांगू, तो सुरकुतलेला चेहरा असा उजळला की उत्तराने आनंदरावांचा दंड घट्ट धरला. सुटलो एकदाचे, असं दोघांनाही वाटलं.

"आलो गं," म्हातारा मशीनशी बोलला. "दसरा हाय आज."

मग बोटं चाचपायला लागला. अंगठा. त्याच्या शेजारचं. मधलं. त्याच्या पुढचं. पाचव्यापाशी हात थबकला. परत अंगठ्यापासून सुरुवात केली. हळूहळू, एकेक. परत पाचव्यापाशी आला.

"पाच हायेत," तो म्हणाला.

उत्तराने आनंदरावांचा दंड सोडला.

"माझे जयाला या हाताची करंगली नव्हती, साहेब." आवाज अगदी साधा होता, राग नाही, काही नाही. "लगीन होऊन दुसरा वरीस. मी पुढून फळी लोटायचो, ती मागून ओढायची. त्या दिवशी मी घाई केली. करंगली जेली तिची याच मशीनवर. मी बोललो, हे मशीनच नको, भंगारात घालतो. तर दसऱ्याला ती पट्टी बांधलेला हात घेऊन आली, शेंदरात बुडवला, न चार बोटां लावली हितं. बोलली, यानं आपला पोट भरतो, त्यावर राग नाय धरायचा. तवापासून दर वरसाला ती हात लावायची, न मागून मी त्यावर माझा हात ठेवायचो. माफी मागायचो तिची. तिला कधी बोललो नाय."

तो पुन्हा पाचव्या बोटावर आला. "मंग ह्यो हात कुनाचा?"

"माझा," उत्तरा म्हणाली. हुंदका आवरेना तिला. "माझा आहे हो, दादा. चुकलं आमचं. फार चुकलं."

धाकूशेठनी हात काढून घेतला, सावकाश, तिला लागेल बिगेल अशा बेताने. दोन शिव्या हासडल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर आनंदरावांनी पाया पडून घेतली असती. म्हाताऱ्याने तसलं काही केलं नाही.

"तिचा कुठं हाय?" त्याने विचारलं.

"मी खरवडला," आनंदराव म्हणाले. "मला कळलं नाही. मला वाटलं, रंग आहे."

"न खरवडून कुठं ठेवला?"

"टाकला. घंटागाडीत."

"कवा?"

"महिना झाला."

धाकूशेठनी मान हलवली. "कचरा कुठं नेतान तो?"

आनंदरावांना माहीत नव्हतं. कुठला बोल्ट कुठल्या भोकातला, ते डोळे मिटून सांगणारा माणूस, पण हे त्याला माहीत नव्हतं.

"गोनीत भरला व्हता का सुट्टा?"

"गोणीत."

"कसले रंगाची गोनी?"

"बाबा, चला ना घरी," विकी म्हणाला. मघापासून तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"थांब रे. साहेबांना सांगू दे."

"पांढरी," आनंदराव म्हणाले. "सिमेंटची. पांढरी गोणी होती."

"पांढरी," म्हातारा म्हणाला. हार तसाच हातात होता. त्याने चाचपत विकीचा खांदा धरला. "पांढरी गोनी. ध्यानात ठेव रे विकी. मना दिसाची नाय."