बुवांच्या पेल्यातलं दूध

दुष्काळाच्या साली आमची दाक्षायणी झाली आणि पंधराच दिवसांत मला विषमज्वर धरला. अंगावरचं दूध आटलं. मालकांनी काचेची बाटली आणि पावडरीचा डबा आणला, त्यावर पोर जगली. म्हणून बाटली सोडवायचं म्हटलं की माझेच हात मागं सरायचे.

अडीच वर्षांची झाली तरी भाकरीचा घास नुसता गालात धरून बसायची. पुढचे दात काळे पडले. डॉक्टर म्हणाले, "बाटली बंद करा, नाहीतर पोरगी अंग धरणार नाही." रबराला कडुनिंबाचा रस लावला, तर तिनं ते झग्याला पुसलं आणि प्यायली. एकदा बाटली लपवली, तर दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. संध्याकाळी मीच रडत बाटली भरून दिली.

शेजारची चंद्रव्वा म्हणायची, "हिच्या लग्नात रुखवतात मांडा की ती बाटली. लई शोभंल."

नवरात्रात आमच्या पेठेतल्या देवळात मोहोळच्या बुवांची कीर्तनं होती. कीर्तन म्हटलं की माझा पाय घरात ठरत नाही. अष्टमीला दाक्षायणीला कडेवर घेतलं, तिचं दूध पितळी पेल्यात झाकून घेतलं आणि रिकामी बाटली पिशवीत टाकली. आयत्या वेळी भरली की दूध नासत नाही. देवळात ही गर्दी. कुणाचा पाय लागू नये म्हणून पेला समईपाशी ठेवला, बसायला जागा केली, तेवढ्यात बुवांनी अभंग उचलला आणि मी पेल्याचं साफ विसरले.

आमच्याकडची रीत अशी, की बुवांसाठी कुणी दूध आणलं तर ते समईपाशीच ठेवतात. पूर्वरंग संपला, बुक्का लागला, हार घातला. देवळाची झाडलोट करणाऱ्या निंगव्वानं तिथला पेला उचलून बुवांच्या हातात दिला. त्यांनी दोन घोट घेतले, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मी उठेपर्यंत दाक्षायणी मांडीवरून उतरून बुवांच्या पुढ्यात उभी.

"माजं दूद हाय त्ये."

सगळं देऊळ हसलं. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"व्हय?" बुवा खाली बसले. "मग मला सांगायचं न्हाय का आधी? मी निम्मं पिलो की."

"माजं हाय."

"तुजंच बाई. मी उगाच पाव्हणा. घे." त्यांनी पेला तिच्या ओठाला लावला.

मी पिशवीत हात घालून बाटली धरली होती. ती तशीच धरून राहिले. दाक्षायणीनं पेला दोन्ही हातांनी पकडला, थोडं झग्यावर सांडलं, बाकी सगळं प्यायली. मग रिकामा पेला बुवांना दाखवला.

"आता माझा उत्तररंग कोरडाच," बुवा म्हणाले आणि टाळ उचलले. पुढचं कीर्तन मला डोळ्यांतल्या पाण्यापलीकडून ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मालक मागांची दुरुस्ती करायचे. पाटावर त्यांनी पूजेला नट आवळायचे पाने, हातोडी, मागाचा धोटा मांडला. मी बाटली घासूनपुसून शेजारी ठेवली.

"हे कसलं हत्यार?"

"तुमची पोर राखली ते."

पाने बाजूला सारून त्यांनी बाटली मधोमध ठेवली, हळदकुंकू लावलं. एवढ्यात दाक्षायणी आली. बाटलीकडं बघत उभी राहिली. आता मागितली, तर मी नाही म्हणू शकणार नव्हते.

तिनं ताटातलं झेंडूचं फूल उचललं आणि बाटलीच्या तोंडात खोचलं. मग माझा पदर ओढला.

"आई, बुवाचा पेला दे."